नळाच्या खड्ड्यात वाकलेली कंबर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कंबरदुखीवरचा मजकूर वर्तमानपत्रात आला की त्याच्यासोबतचे चित्र बहुधा ठरलेले असते. खुर्ची, टेबल, संगणक, आणि पुढे बसून एका हाताने कंबर दाबणारा इस्त्रीच्या शर्टातला एखादा तरुण. त्या तरुणाच्या दुखण्याला मी खोटे म्हणत नाही. परंतु सोलापूरच्या पूर्व भागात ज्या कमरा दुखतात, त्यांतल्या फार थोड्या कमरांनी संगणक पाहिलेला आहे. त्यांना खुर्चीची उंची किती असावी आणि पडदा डोळ्यांच्या रेषेत कसा आणावा, हे सांगून काय साधणार, असा प्रश्न मला असे लेख वाचताना दरवेळी पडतो, आणि तोच आपल्यापुढे मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. मी डॉक्टर नाही. एका टॉवेल कारखान्यात ३१ वर्षे दिवाणजी म्हणून हिशेब लिहिले, एवढीच माझी ओळख. पुढे जे लिहिले आहे ते काही स्वतःच्या कमरेने शिकवलेले आहे, आणि बाकीचे फिजिओथेरपीचे शिक्षण घेणाऱ्या माझ्या भाचीकडून तपासून घेतलेले आहे.

गोष्ट चार वर्षांपूर्वीची. थंडीचे दिवस होते. पहाटे साडेचारच्या सुमारास गल्लीत ‘पाणी आलं, पाणी आलं’ असा पुकारा झाला आणि मी अंथरुणातून उठून थेट नळाशी जाऊन वाकलो. तिसरी घागर उचलताना कमरेत अशी उसण भरली की घागर हातातून सुटली आणि मी खड्ड्याच्या काठावर तसाच ओणवा राहिलो. धड सरळ होता येईना, धड खाली बसता येईना. पत्नीने आणि शेजारच्या मुलाने मला धरून आत नेले. मला काय झाले यापेक्षा त्या दिवशी दोन पिंपे रिकामी राहिली, याची आठवण आमच्या घरात अजून जास्त निघते.

‘खड्डा’ हा शब्द बाहेरगावच्या वाचकाला कदाचित कळणार नाही. आपल्याकडे अनेक वस्त्यांत चार-पाच दिवसांआड पाणी येत आले आहे आणि आले तरी त्याला जोर कमी असतो, म्हणून लोकांनी जमीन खणून तोटी खाली नेली. जितकी खाली, तितके पाणी अधिक. पाणी असे का येते, यावर आपल्या अंकात पुष्कळ छापून आलेले आहे, त्यात मी शिरत नाही. मी फक्त कंबरेपुरते बोलतो. आमच्या नळाची तोटी अंगणातल्या फरशीपासून चौदा इंच खाली आहे, हे मी फुटपट्टी लावून मोजले आहे. भरलेल्या घागरीचा काठ म्हणजे माझ्या पावलांच्याही खाली. खड्डा अरुंद असल्यामुळे त्यात पाय टाकता येत नाही, काठ आडवा येत असल्यामुळे गुडघे पुढे घेता येत नाहीत, आणि मग एकच मार्ग उरतो: पाय ताठ, कंबर दुमडलेली, हात लांबवलेले, आणि त्या लांबवलेल्या हातांनी घागर वर ओढायची. ‘उचलताना गुडघ्यात वाका’ हा सल्ला ज्याने लिहिला, त्याने आमचा नळ पाहिलेला नसावा.

हिशेबाची सवय जात नाही, म्हणून भाचीला मी आकडे विचारले. पंधरा लिटर पाणी आणि घागरीचे दोन किलो धरले तर ओझे सतरा किलोंचे. ते कमरेच्या मणक्यांपासून चाळीस सेंटीमीटर पुढे आहे, आणि त्याला पेलणारे पाठीचे स्नायू मणक्यांच्या मध्यापासून मागे जेमतेम पाच सेंटीमीटरवर. तराजूच्या दांडीसारखा हा प्रकार आहे. पुढची दांडी आठपट लांब, म्हणून मागच्या बाजूला आठपट ओढ लागते. सतरा किलोंसाठी स्नायूंना सुमारे १३६ किलोंची ओढ घ्यावी लागते, आणि ओणव्या झालेल्या आपल्या धडाचे वजन त्यात धरलेलेच नाही. तीच घागर अंगाजवळ, वीस सेंटीमीटरवर आणली तर हा आकडा निम्म्यावर येतो. हा अर्थात ढोबळ हिशेब आहे, खऱ्या शरीरात गुंतागुंत जास्त असते. परंतु घागर जड आहे की नाही यापेक्षा ती अंगापासून किती दूर आहे याला महत्त्व का, हे मला या बेरजेने जसे कळले तसे कोणत्याही चित्राने कळले नव्हते.

त्यात वेळेची भर. दोन मणक्यांमध्ये जी चकती असते, तिला मोठ्या माणसात स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो; ती आजूबाजूच्या भागातून पाझरणाऱ्या द्रवावर जगते, दिवसभराच्या भाराने थोडी आटते आणि रात्री आडवे झाल्यावर पुन्हा पाणी शोषून फुगते. म्हणूनच सकाळी उठल्यावर माणूस रात्रीपेक्षा सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर उंच भरतो. या फुगलेल्या, ताठ चकतीवर वाकण्याचा ताण संध्याकाळपेक्षा बराच जास्त येतो. १९९८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जुनी कंबरदुखी असलेल्यांना उठल्यानंतरचे पहिले काही तास पुढे वाकणे टाळायला शिकवले गेले, आणि तेवढ्यानेही त्यांच्या वेदनेत घट दिसली. आता आपली पहाट पाहा. अंथरूण आणि नळ यांमध्ये दोन मिनिटेही जात नाहीत, आणि जी कंबर त्या घटकेला सर्वांत कमी वाकायला हवी, तीच चौदा इंच खड्ड्यात वाकते.

शिवाय रोज सात खेपा करणे आणि पाचव्या दिवशी एकदम पस्तीस खेपा करणे, यांची बेरीज वहीत सारखी येत असली तरी पाठीच्या वहीत ती सारखी येत नाही. पाठीला सवयीचे ओझे झेपते. चार दिवस काहीच नाही आणि मग एका तासात सगळे, हे झेपत नाही. आमच्या घरी मी पुढील बदल केले आणि ते टिकले. पाण्याच्या दिवशी गजर अर्धा तास आधीचा लावतो, आणि तेवढा वेळ घरातल्या घरात व अंगणात फिरतो. घागरीऐवजी कळशी वापरतो. खेपा वाढतात, पण उसण भरत नाही. खड्ड्याच्या काठावर पोत्याची घडी टाकून एक गुडघा तिच्यावर टेकतो, कळशी आधी काठावर, मग मांडीवर, मग अंगाशी घेतो आणि तेव्हाच उठतो. सुरुवातीला पाण्याला जोर असतो तेवढा वेळ तोटीला नळी लावून पिंप भरतो. शेजारी पहिले दोन-तीन आठवडे हसले, नंतर पोत्याच्या घड्या त्यांच्याकडेही दिसू लागल्या.

आमच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या अक्का विड्या वळतात. वय साठीच्या आसपास, आणि विड्या वळायला लागल्या तेव्हा परकरात होत्या असे त्या सांगतात. रात्री भिजवून ठेवलेली तेंदूची पाने सकाळी कात्रीने मापात कापायची, मांडीवर सूप घ्यायचे, सुपात तंबाखू, पाने, दोरा, आणि मग मान खाली घालून हजाराचा आकडा भरेपर्यंत बसायचे, कारण मजुरीचे माप हजारावर आहे. मी त्यांना एकदा दुपारी घड्याळ लावून पाहिले. दोन तासांत त्या एकदाच हलल्या, तेही दोऱ्याचे रीळ संपले म्हणून. बोटे मात्र इतकी चपळ की नजर ठरत नाही. शरीराचा एक भाग धावतो आहे आणि बाकीचे सगळे शरीर दगडासारखे बसले आहे, असे ते दृश्य होते. “मधेच उठत का नाही?” असे विचारले तर म्हणाल्या, “अण्णा, हजार भरल्याशिवाय उठायचं कसं?” या उत्तरावर माझ्याकडे प्रत्युत्तर नव्हते, आजही नाही.

येथे एक गैरसमज दूर करावासा वाटतो. जमिनीवर बसणे वाईट, असे मला म्हणायचे नाही. मांडी घालणे, उकिडवे बसणे, एक पाय लांब करणे, पुन्हा उठणे, यात सांध्यांना चांगला फिरवा मिळतो, आणि खुर्चीवर बसणाऱ्यांनी हेवा करावा अशी ही सवय आहे. वाईट आहे ते एकाच बैठकीत तास घालवणे, मग ती बैठक गादीवरची असो की खुर्चीवरची. मी स्वतः डेस्कपुढे गादीवर बसून ३१ वर्षे वह्या लिहिल्या, आणि माझी पाठ त्या खड्ड्याने नव्हे तर त्या गादीने आधीच कमजोर करून ठेवली होती, असे भाचीचे मत आहे. तिने अक्कांना भल्यामोठ्या सूचना दिल्या नाहीत. सुपाखाली छोटा पाट घ्यायला सांगितले, म्हणजे काम डोळ्यांच्या थोडे जवळ येते आणि मान कमी झुकते. बुडाखाली जुन्या चादरीची जाड घडी घ्यायला सांगितली, म्हणजे नितंब गुडघ्यांपेक्षा उंच राहतात आणि कमरेला गोल व्हावे लागत नाही. आणि पाण्याचा तांब्या हाताशी ठेवायचा नाही, पलीकडच्या खोलीत ठेवायचा. तहान लागली की उठावेच लागते. अक्का पाट विसरतात, घडीही कधी घेतात कधी नाही. पण तांब्या मात्र त्यांनी खरोखरच लांब ठेवला आहे.

यंत्रमागावर उभे राहणाऱ्यांची कथा याच्या उलट आणि तरीही तीच. बारा-बारा तास कोबा केलेल्या जमिनीवर, मागाच्या खडखडाटात, तुटलेला धागा जोडण्यासाठी पुढे झुकायचे आणि पुन्हा उभे राहायचे. आमच्या कारखान्यात एक जुने कारागीर मागाजवळ एक वीट ठेवत आणि आलटून पालटून एकेक पाय तिच्यावर ठेवत. त्यांना ते कोणी शिकवले नव्हते, परंतु पाय उंचावला की कमरेचा बाक सैल होतो, ही गोष्ट त्यांच्या शरीराला कळली होती. पंढरीचा पांडुरंग दोन्ही पाय विटेवर ठेवतो. मागवाल्याने एकच ठेवावा, असे ते हसून म्हणत.

ओझे कसे उचलावे हे शिकायचे असेल तर बाजार समितीत कांद्याची पोती वाहणाऱ्या हमालांकडे पाहावे. पोते जमिनीवरून उचलून पाठीवर घेणे ते शक्यतो टाळतात. गाडीच्या फळीवरून, खांद्याच्या उंचीला, पाठीला टेकवूनच घेतात. म्हणून त्यांच्या कमरा दुखत नाहीत असे नव्हे. इतके वजन इतकी वर्षे वाहिल्यावर दुखणारच. आणि आपल्या ग्रामदैवताच्या, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत मानाचे सात नंदीध्वज पेलणारे पाहा. तो उंच, जड ध्वज ते उभा आणि अंगालगत ठेवतात, आणि जानेवारीतल्या यात्रेसाठी कित्येक आठवडे आधीपासून सराव करतात. ओझे अंगाजवळ असावे आणि अंगाला आधी सवय करून द्यावी, या दोन्ही गोष्टी जे गाव दरवर्षी डोळ्यांनी पाहते, त्याच गावात भरलेला गॅस सिलिंडर, म्हणजे जवळजवळ तीस किलो, एका हाताने तिरका धरून जिना चढवला जातो.

आता ‘गॅप’विषयी. आपल्याकडे कंबर दुखणारा दर दुसरा माणूस “मणक्यात गॅप आहे” असे सांगतो, आणि हे सांगताना त्याचा चेहरा घराच्या भिंतीला तडा गेल्यासारखा झालेला असतो. खरे तर एक्स-रेच्या फोटोत बहुधा जे दिसते ते उलट असते. चकती वयाबरोबर आटते आणि दोन मणक्यांतले अंतर वाढत नाही, कमी होते. आणि ते दिसले म्हणजे दुखण्याचे कारण सापडले असेही नाही. पाठ अजिबात न दुखणाऱ्या माणसांच्या तपासण्यांचा २०१५ मध्ये एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या चकत्या झिजलेल्या दिसल्या. म्हणजे झीज हा पिकलेल्या केसांसारखा प्रकार आहे. परंतु ‘गॅप’ हा शब्द एकदा कानात गेला की माणूस वाकायला, चालायला, नातवाला उचलायला घाबरतो, आणि ही भीती दुखणे लांबवते. माझ्या मते पाठीला सर्वांत जास्त अपाय करणाऱ्या रोजच्या सवयींत ही भीती वरच्या क्रमांकावर धरायला हवी, आणि ती आपण एकमेकांना ओट्यावर बसून लावतो.

मलाही तिने गाठले होते. उसण भरल्यावर प्रथम एका पायाळू बाईंकडून कमरेला पाय लावून घेतला. त्याने काही झाले नाही, फक्त गल्लीचे मनोरंजन झाले. मग एका दवाखान्यात तीन आठवडे अंथरुणावरून हलू नका, असे सांगण्यात आले. मी आज्ञाधारक रोगी. तीन आठवड्यांनी मांड्या बारीक झाल्या होत्या आणि संडासापर्यंत जाताना भिंत धरावी लागत होती. भाची तेव्हा पुण्याहून आली आणि म्हणाली, “मामा, असे पडून राहून पाठ बरी होत नाही, रोज थोडे थोडे चालायला लागा.” पहिल्या दिवशी गल्लीच्या टोकापर्यंत, दुसऱ्या दिवशी टोकापर्यंत दोनदा. दुखत होते, पण दुखणे म्हणजे इजा नव्हे हे ती बजावत राहिली. दोन महिन्यांत मी होम मैदानाला फेऱ्या घालू लागलो. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुन्या कंबरदुखीसाठी जी मार्गदर्शक सूचना दिली, तिच्यात व्यायामाची आणि रुग्णाला नीट समजावून सांगण्याची शिफारस आहे. कमरेचे पट्टे आणि वजन लावून ओढण्याचे उपचार मात्र नेहमीच्या उपचारात नसावेत असे म्हटले आहे. आपल्याकडे नेमके पट्टा आणि वजन यांनाच खरा उपचार समजतात, आणि ‘चाला’ असे सांगणाऱ्याला पैसे द्यायला जिवावर येते.

काही लहान सवयींचा उल्लेख करून पुढे जातो. मागच्या खिशात फुगलेले पाकीट ठेवून दुचाकीवर किंवा गल्ल्यावर तासभर बसले की एक नितंब उंच, एक खाली राहतो आणि पायात जाणारी नस दाबली जाण्याची शक्यता असते. पाकीट पुढच्या खिशात गेले की प्रश्न मिटतो. कंबर दुखते म्हणून फळीवर किंवा नुसत्या फरशीवर निजण्याचा सल्ला वडीलधारी मंडळी देतात, पण २००३ मध्ये स्पेनमध्ये ३१३ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात अगदी कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर निजणाऱ्यांना अधिक आराम वाटला. आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत कंबरदुखी जास्त आढळते, हेही अनेक अभ्यासांत दिसलेले आहे. विडी वळणारीची पाठ दुखते आणि ओढणाऱ्याचीही, एवढेच अक्कांना सांगितले तर त्या म्हणाल्या, “मग त्याला तरी सोडायला सांगा, मला सोडता येत नाही.”

सगळीच कंबरदुखी सवयींच्या माथी मारू नये, हेही येथे स्पष्ट लिहिले पाहिजे. बहुतेकांच्या दुखण्यामागे एकच ठरावीक कारण सापडत नाही. झोप, काळजी, वजन, कामाचे तास असे पुष्कळ धागे त्यात विणलेले असतात, आणि बरेचसे दुखणे काही आठवड्यांत ओसरते. परंतु लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणे, दोन्ही मांड्यांच्या मधल्या भागाची जाणीव जाणे किंवा पायातली ताकद कमी होत जाणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जावे, एक रात्रही थांबू नये. पडल्यानंतर सुरू झालेले दुखणे, रात्री निजल्यावरही न थांबणारे दुखणे, पूर्वी कर्करोग होऊन गेलेल्याचे नवे दुखणे, आणि ज्याच्यासोबत संध्याकाळचा ताप व वजन घटणे आहे असे दुखणे, हेही तेल चोळून अंगावर काढण्यासारखे नसते. मणक्याचा क्षयरोग आपल्याकडे दुर्मीळ नाही.

जगात २०२० मध्ये ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती असा अंदाज आहे. त्यांतले सगळे संगणकापुढे बसलेले नव्हते. म्हणून आपल्याला माझी विनंती अशी की आरोग्याच्या पानावर पुढच्या वेळी कंबरदुखीचा लेख द्याल, तेव्हा लेखक डॉक्टरांना एकदा पाण्याच्या दिवशी पहाटे पूर्व भागातल्या एखाद्या गल्लीत घेऊन या, आणि छायाचित्रकारालाही. खड्ड्यातून घागर कशी काढावी, मांडीवर सूप घेऊन दिवसभर कसे बसावे, हे ज्या चित्रांत आहे अशी चित्रे मराठीत मी तरी अजून पाहिलेली नाहीत. ती छापली तर अक्का तो कागद कापून भिंतीला लावतील, असे त्यांनी मला सांगून ठेवले आहे. शक्य झाल्यास तोच मजकूर तेलुगूमध्येही द्यावा. अक्कांना मराठी बोलता येते, वाचायला मात्र नातीला हाक मारावी लागते.

आपला विश्वासू,
एक निवृत्त दिवाणजी,
पूर्व भाग, सोलापूर